वजन कमी करण्याचे ऑपरेशन: घरी आल्यावरच्या दीड महिन्याची तयारी आधी कशी करावी

स्लीव्हचे (जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याचे) किंवा बायपासचे (जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याचे) ऑपरेशन झाले की पेशंट साधारण दोन-तीन दिवसांत घरी येतो. पोटावर चार-पाच छोटी छिद्रे असतात, दुखणे सोसवण्याइतके असते, आणि घरच्यांना वाटते की सगळे नीट पार पडले. पण पुढचे दोन आठवडे जपण्याचे असतात. त्या दिवसांत भूक फारशी लागत नाही, त्रास होतो तो पाणी पोटात न गेल्याचा. पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा दवाखान्यात दाखल व्हावे लागण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे मळमळ, उलट्या आणि त्यातून शरीरातले पाणी कमी होणे. बहुतेक वेळा हे टाळता येते, मात्र त्याची जुळवाजुळव ऑपरेशनच्या आधीच व्हायला हवी. घरी आल्यावर ती करण्याचे त्राण नसते.

खालची माहिती मुख्यतः स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी डोळ्यांपुढे ठेवून दिली आहे. बायपासला जे वेगळे आहे ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे. तुमच्या सर्जनने किंवा आहारतज्ज्ञाने वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐका.

पाण्याचे गणित

स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीत 100 ते 150 मिली मावते, आणि सुरुवातीला सूज असल्यामुळे तेवढेही जात नाही. बायपासमध्ये वरची पिशवी जेमतेम 30 मिलीची असते. दिवसाला द्रवपदार्थ मात्र दीड ते दोन लिटर पोटात जायला हवेत. एका वेळी पेलाभर पिणे अशक्य असल्यामुळे सगळा हिशोब वेळेवर येतो.

दर 15 मिनिटांनी 30 मिली, म्हणजे तासाला 120 मिली. जागेपणाचे 14 तास धरले तर 1,680 मिली होतात. दुपारी दोन तास डोळा लागला की 240 मिली गेले, आणि ते नंतर भरून काढता येत नाही. घाईने दोन मोठे घोट घेतले तर छातीच्या मधोमध कळ येते, उलटी होते आणि आधीचेही बाहेर पडते. म्हणून मागे पडलात तर वेग वाढवू नका, संध्याकाळी थोडे उशिरापर्यंत जागा.

यासाठी आणायच्या वस्तू अगदी साध्या आहेत. खोकल्याच्या औषधासोबत येणारे, मिलीच्या खुणा असलेले प्लास्टिकचे कप दोन-तीन जमवा. बहुतेक कप 10 किंवा 15 मिलीचे असतात. घरातला पोहे खायचा चमचा किती मिलीचा आहे हे त्यात पाणी ओतून आधीच मोजून ठेवा. अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या घ्या आणि सकाळी भरून समोर ठेवा. दिवसभरात किती गेले ते डोळ्यांना दिसते. मोबाईलवर दर पाऊण तासाला वाजणारा गजर पुरत नाही, 15 मिनिटांचाच लावा. स्ट्रॉ वापरू नका, त्यातून हवा पोटात जाते. सोडा आणि कोल्ड्रिंक तर नकोच.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात एक पूर्ण दिवस याच पद्धतीने पाणी पिऊन पाहा. गटागटा पाणी पिण्याची सवय मोडणे किती कठीण आहे ते त्याच दिवशी कळेल.

साधे पाणी, कोमट जिऱ्याचे पाणी, बिनसाखरेचे लिंबूपाणी, पातळ गाळलेले ताक, पातळ कढण आणि प्रोटीनचे पेय हे सगळे दीड लिटरमध्ये धरायचे. फार गार पाण्याने काहींना पोटात मुरडा येतो, त्यांनी कोमट प्यावे. शहाळ्यात साखर असते, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. उसाचा रस आणि पाकिटातले फळांचे रस टाळा. ओआरएसची पाकिटे घरात असू द्यावीत, पण डॉक्टरांनी सांगितले तरच घ्यावीत, आणि मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावे. पेलाभर पाण्यात घातलेले ओआरएस फार दाट होते आणि मळमळ वाढवते.

लघवीचा रंग फिकट असला की पाणी पुरते आहे असे समजा. गडद पिवळी लघवी, सहा-आठ तास लघवीच न होणे, उठताना अंधारी येणे, जीभ कोरडी पडणे ही फोन करण्याची वेळ आहे. उद्यापर्यंत थांबू नका.

ऑपरेशनच्या आधीचे आठवडे

तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद झाली पाहिजे. यात सिगारेट-बिडी आली तशी मळलेली तंबाखू, गुटखा आणि मिश्रीही आली. मिश्री लावणाऱ्या बायका बऱ्याचदा ती मोजतच नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि स्टेपल मारलेली शिवण नीट भरून येत नाही. बायपासनंतर तंबाखू सुरू राहिली तर जोडाच्या जागी व्रण होतो, तो फुटूही शकतो.

साधारण दोन आठवडे आधीपासून कमी उष्मांकाचा आहार देतात, दिवसाला बहुधा 800 ते 1,000 कॅलरीचा. कारण सरळ आहे: यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि वजन जास्त असलेल्यांच्या यकृतात चरबी साठून ते फुगलेले असते. या आहाराने ते आकसते आणि सर्जनला दुर्बिणीतून जठरापर्यंत पोहोचायला जागा मिळते. "आता शेवटचेच" म्हणून हॉटेलात जाऊन आलेल्या पेशंटचे ऑपरेशन त्यामुळेच जोखमीचे होते.

मधुमेहाची औषधे मात्र या दोन आठवड्यांतच बदलावी लागतात. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या जुन्याच डोसने घेऊन इतके कमी खाल्ले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी बंद करतात, नाहीतर साखर जवळपास ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकते. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याचे इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, त्याने जठर रिकामे व्हायला उशीर लागतो. रक्त पातळ करणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या कधी थांबवायच्या हेही विचारून कागदावर लिहून घ्या.

बी-12, ड जीवनसत्त्व, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिन या तपासण्या आधीच करून घ्या. शाकाहारी घरांत बी-12 आधीपासूनच तळाला असणे नेहमीचे आहे. कमतरता घेऊन ऑपरेशनला गेलात तर नंतर ती भरणे फार जिकिरीचे होते.

फुप्फुसांच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र आधीच आणून सराव करा. बरेच जण त्यात फुंकर मारतात. त्यातून श्वास आत ओढायचा असतो, हळू आणि लांब, म्हणजे चेंडू वर जाऊन क्षणभर टिकतो. ऑपरेशननंतर जागेपणी दर तासाला दहा वेळा हे करायचे. घोरण्याच्या आजारासाठी सीपॅप वापरत असाल तर मशीन दवाखान्यात सोबत न्या आणि घरी आल्यावर पहिल्या रात्रीपासून लावा.

तारीख निवडताना कॅलेंडर बघा. घरचे लग्न, गणपती किंवा दिवाळी पुढच्या दोन महिन्यांत येत असेल तर विचार करा. घरात मोदक वळले जात असताना दुधाळ पाण्याचे घोट मोजत बसणे कठीण असते. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार असे उपास सर्जन होकार देईपर्यंत नकोत, आणि निर्जळी तर अजिबात नको.

स्वयंपाकघर

आहार पायरीपायरीने वाढतो. पहिले एक-दोन दिवस आरपार दिसणारी पातळ पेये. मग दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत गाळलेले दाट द्रव. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेले गुळगुळीत अन्न, पाचव्या-सहाव्यात मऊ, चमच्याने दाबले की मोडणारे. नेहमीचे जेवण त्यानंतर, तेही एकेक पदार्थ वाढवत. शिवण भरून यायला वेळ लागतो, म्हणून बरे वाटत असले तरी पायरी गाळायची नाही.

या सगळ्यात लक्ष ठेवायचे ते प्रोटीनवर: दिवसाला 60 ते 80 ग्रॅम. ते कमी पडले की शरीर चरबीसोबत स्नायूही जाळते, अशक्तपणा येतो आणि केस जास्त गळतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात थोडे केस गळणे तसेही होते आणि बहुतेकांचे परत येतात.

आपल्याकडे आजाऱ्याला वरणाचे वरचे पाणी, भाताची पेज आणि मोसंबीचा रस देतात. प्रेमाने दिलेल्या या तिन्ही गोष्टींत प्रोटीन जवळजवळ नसते. त्याऐवजी मुगाचे कढण करा. 30 ग्रॅम मूगडाळ 300 मिली पाण्यात हळद आणि चिमूटभर हिंग घालून चार-पाच शिट्ट्या होईपर्यंत शिजवा, मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढा, चहाच्या गाळणीतून गाळा, जिरेपूड आणि मीठ घाला. तिखट नाही, फोडणी नाही. डाळीत सुमारे 7 ग्रॅम प्रोटीन असते, गाळल्यावर थोडे कमी होते. फार दाट वाटले तर उकळलेले पाणी घालून सैल करा.

फक्त कढणावर 60 ग्रॅम होत नाहीत, हे आधीच मान्य केलेले बरे. चांगल्या व्हे आयसोलेटचे (दुधापासून काढलेल्या प्रोटीन पावडरचे) दोन मोजमाप चमचे म्हणजे साधारण 50 ग्रॅम, साय काढलेले 300 मिली दूध सुमारे 10 ग्रॅम आणि वरचे कढण, इतक्याने आकडा गाठतो. पावडर घेताना डब्यामागचा तक्ता वाचा: 100 ग्रॅममध्ये 75 ग्रॅमच्या पुढे प्रोटीन हवे आणि साखर नगण्य. 'गेनर' लिहिलेले डबे वजन वाढवण्यासाठी असतात. दुधाने पोट फुगणाऱ्यांना साध्या व्हेपेक्षा आयसोलेट सोसते. मोठा डबा आधी घेऊन ठेवू नका. ऑपरेशननंतर तोंडाची चव बदलते आणि आवडीच्या चॉकलेट फ्लेवरचा वासही नकोसा होतो. दोन-तीन चवींची छोटी पाकिटे आणा, त्यात एक बिनचवीचे असू द्या. ते कढणातही मिसळते. कढत पाण्यात पावडर टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून आधी गार पाण्यात कालवा.

बर्फाचा ट्रे इथे फार कामाचा. त्याच्या एका कप्प्यात किती मिली मावते ते मोजा, मग कढण आणि मटणाच्या पायांचे किंवा चिकनचे चरबी काढलेले गाळीव सूप त्यात गोठवून डब्यात भरून ठेवा. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी दोन-तीन ट्रे करून ठेवले की घरच्यांवरचा पहिल्या आठवड्याचा भार हलका होतो.

तिसऱ्या आठवड्यापासून घोटलेले पातळ पिठले, मिक्सरमधून काढलेले पनीर-दही, कुळथाचे पिठले, उकडून कुस्करलेला मासा, मऊ अंडे असे सुरू होते. एका वेळी दोन ते चार पोहे खायचे चमचे, वीस-तीस मिनिटे घेऊन. खाताना पाणी नाही आणि खाल्ल्यावर अर्धा तास नाही. अचानक उचकी लागणे, नाकातून पाणी येणे, छातीच्या हाडामागे दाब जाणवणे ही पोट भरल्याची खूण आहे. त्यानंतरचा एक घास उलटी घडवतो.

अडकणारे पदार्थ ठरलेले आहेत. ताजी मऊ चपाती आणि पाव चावल्यावर लगदा होऊन गोळा बनतात. मोकळा भात आत गेल्यावर फुगतो. कोरडे चिकन, शेवग्याच्या शेंगा आणि संत्र्याची पांढरी सालपटे धाग्यांमुळे थांबतात. चपातीचा आग्रह लवकर नको. भाकरी आमटीत पूर्ण कुस्करून घेतली तर बहुतेकांना आधी सोसते. बायपास झालेल्यांनी शिरा, गुळाचा चहा, जिलेबी यांपासून दूर राहावे. साखर थेट आतड्यात उतरली की छातीत धडधड, घाम, मुरडा आणि जुलाब होतात.

गोळ्यांचे वेळापत्रक

मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, ड आणि बी-12 ही औषधे कायमची आहेत. गडबड होते ती त्यांच्या वेळांत. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले तर लोह नीट शोषले जात नाही, त्यांत दोन तास हवेत. कॅल्शियम सायट्रेट घ्यायचे. कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागते आणि ते आता कमी असते. दिवसाचे 1,200 ते 1,500 मिलीग्रॅम एकदम न घेता 500च्या हप्त्यांत घ्यायचे. थायरॉइडची गोळी लोह-कॅल्शियमपासून चार तास दूर. म्हणजे सहाला थायरॉइड, दहाला मल्टिव्हिटॅमिन आणि लोह, एकला, पाचला आणि नऊला कॅल्शियम, असे बसते. लोहाच्या आसपास चहा नको.

बीपी आणि साखरेच्या गोळ्यांचे डोस डिस्चार्जच्या कागदावर असतील तेवढेच घ्या. पुष्कळांची साखर वजन उतरण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत खाली येते, आणि जुनी चिठ्ठी चालू ठेवली तर चक्कर येऊन पडण्याची वेळ येते. ग्लुकोमीटर आणि बीपीचे यंत्र घरात हवेच. कोणती गोळी कुटून घ्यायची आणि कोणती नाही ते विचारा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की अख्खा डोस एकदम उतरतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्या घरातून काढून टाका. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असते, व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. त्यांनी जठराला व्रण पडतो, बायपासनंतर तर नक्कीच जपायचे. दुखले तर पॅरासिटामॉल. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून अनेक सर्जन सहा महिने उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी देतात. ती मध्येच सोडू नका.

बायकांसाठी महत्त्वाचे: वजन उतरले की थांबलेली पाळी सुरू होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते, पण पहिले 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. दुसरा उपाय ऑपरेशनच्या आधीच ठरवा.

घर आणि माणसे

पहिले काही दिवस खांद्यात दुखते, ते पोटात भरलेल्या वायूमुळे. चालण्याने कमी होते. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, कोपरावर रेटा घेऊन उठा. खोकताना पोटावर उशी दाबून धरा. जमिनीवरची गादी या काळात नको. पाठीमागे दोन-तीन उशा देऊन थोडे उंच झोपावे. उकिडवे बसायचा संडास असेल तर खुर्चीसारखा कमोड दोन-तीन आठवड्यांसाठी भाड्याने आणा. बद्धकोष्ठ बहुतेकांना होते. इसबगोल मात्र सुरुवातीला आपल्या मनाने घेऊ नका; पाणी कमी पडले तर ते आतच फुगून बसते.

चार ते सहा आठवडे पाच किलोच्या वरचे काही उचलायचे नाही. पाण्याची भरलेली कळशी, ओल्या कपड्यांचा टब, कडेवरचे मूल, सगळे यात येते. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर जवळपास 30 किलोचा असतो, तो सरकवायलाही दुसरे कोणी हवे. बैठे काम असेल तर दोन आठवडे रजा लागते, अंगमेहनतीचे असेल तर चार ते सहा. दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात दहा मिनिटे चाला. पायात रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी ते हवे. पोटात टोचायची हेपरिनसारखी इंजेक्शने घरी दिली असतील तर ती कोण टोचणार ते आधी ठरवा आणि नर्सकडून शिकून घ्या.

भेटायला येणारे डिंकाचे लाडू आणतील आणि "एवढ्याशाने काय होते" म्हणतील. घरातल्या एका माणसाने, शक्यतो ज्याचे सगळे ऐकतात त्याने, हे आधीच फोनवर सांगून ठेवावे. पेशंटला दरवेळी नाही म्हणायला लावू नये. पहिल्या आठवड्यात भेटीगाठी कमीच ठेवा, गप्पांत घोट चुकतात.

कधी धावायचे

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर शोधून त्यात नवे सेल घाला. ऑक्सिजनबरोबर तो नाडीही दाखवतो. शांत बसलेले असताना नाडी 120च्या वर राहणे, 101 फॅरनहाइटवर ताप, वाढत जाणारे पोटदुखणे, धाप, डाव्या खांद्यात नव्याने सुरू झालेले दुखणे ही शिवणीतून गळती होत असल्याची लक्षणे असू शकतात. ताप नसतानाही फक्त नाडी वाढलेली असू शकते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष नको. एका पोटरीला सूज आणि दुखणे, किंवा अचानक छातीत दुखून दम लागणे म्हणजे गुठळीची शंका. काळी शौच किंवा रक्ताची उलटी म्हणजे रक्तस्रावाची शंका. यांत फोनवर बोलण्यात वेळ घालवू नका.

उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर आणखी एक धोका असतो. बी-1, म्हणजे थायामिन, शरीरात थोडेच साठते आणि लवकर संपते. दोन दोन दिसणे, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. गावातल्या दवाखान्यात अशा वेळी आधी ग्लुकोजचे सलाईन लावले जाण्याची शक्यता असते, आणि थायामिन न देता दिलेल्या ग्लुकोजने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

म्हणून एक कागद लिहून फ्रिजवर लावा आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा. त्यावर ऑपरेशनचे नाव आणि तारीख, सर्जनचा आणि दवाखान्याचा रात्रीचा फोन, चालू औषधे, ॲलर्जी, आणि तीन ओळी ठळक: थायामिन आधी, डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचे सलाईन) नंतर; आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक नको; नाकातून पोटात नळी सर्जनशी बोलल्याशिवाय घालू नये. त्याखाली रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार त्याचे नाव आणि 108.